बेल्जियमला शेपूट नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

काँगोत कोल्वेझी शहराजवळ तांब्याच्या खाणीची कड कोसळली. नऊ मजूर ढिगाऱ्याखाली. कोणी वाचलं असण्याची शक्यता नाही, याला प्रांताच्या गृहमंत्र्यांनी दुजोरा दिला. वृत्तएजन्सीची कॉपी दुपारी माझ्या पडद्यावर पडली.

पहिलं वाक्य वाचलं आणि हात थांबले. कोल्वेझी! आमचा प्रीतम तिथेच. दादाचा एकुलता एक, माझा भाचा. चार वर्षं झाली, तिथल्या एका खाणीत डंपर दुरुस्त करतो.

बातमी नंतर, आधी फोन. लागेना. मेसेज टाकला आणि त्याच्या खुणा निळ्या होण्याची वाट बघत बसले. शेवटी आला – "मी ठीक आहो आत्याबाई. अपनी खदान नाही ते. आईले नका सांगू."

मग पाणी प्यायले आणि बातमी लिहिली. छोटीच. काय झालं, कुठे, किती, कोण म्हणालं. कड का कोसळली ते अजून कोणालाच माहीत नाही, म्हणून तिथेच थांबले. नागपुरात विदेश पानावर आयुष्य गेलं, आता घरबसल्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटातून तेच पान करते. एवढ्या वर्षांत एवढं नक्की शिकले – माहिती संपली की पूर्णविराम.

४ फेब्रुवारी, बुधवार

पूर्णविराम कुठला!

अंक गोंदियावरून येतो, हातात पडेपर्यंत दुपार होते. बातमी पान नऊवर. माझे सगळे शब्द जागच्या जागी. पण शेजारी फोटो – उघड्या ट्रकवर उभा माणूस, हातात बंदूक, डोळ्यांवर काळा चष्मा. खाणीच्या बातमीला बंदुकीचा फोटो! खाली मुंगीच्या अक्षरात 'संग्रहित'. म्हणजे जुना, साठ्यातला, कुठलाही. वाचणारा 'संग्रहित' वाचत नाही. बंदूक वाचतो.

आणि बातमीच्या शेवटी शेपूट.

आमच्या डेस्कवर त्याला शेपूटच म्हणतात. प्रत्येक देशाचं एक ठरलेलं वाक्य कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं असतं. देशाचं नाव आलं की बातमीच्या टोकाला ते चिकटवायचं. काँगोचं असं – "खनिजसंपन्न, परंतु जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक असलेल्या काँगोला टोळीयुद्ध, रोगराई आणि हिंसाचाराचा दीर्घ इतिहास आहे."

निवडणूक असो, फुटबॉल असो, पूर असो. शेपूट तेच. मी दर वेळी काढून पाठवते. नागपूरला दर वेळी लागतं.

इतिहास 'आहे' म्हणजे काय? एखाद्याला दम्याचा त्रास आहे तसा? जन्मजात? कोणी केला, कोणावर केला, काही नाही. नुसता आहे!

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज स्फोट झाला. खाणीतला नव्हे, वहिनींच्या ओसरीतला.

प्रीतमनं आईला सांगून टाकलं. मला दिवाळीपासून माहीत होतं. एस्थेर मुजिंगा तिचं नाव. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत धातुक तपासते. दोघांनी लग्न ठरवलंय. एप्रिलमध्ये घेऊन यायचं म्हणतो. पण तिची अट आहे – तुझ्या आईनं स्वतः बोलावलं तरच येईन. सासूच्या दारात चोरासारखी उभी राहणार नाही, आणि त्याशिवाय लग्नही करणार नाही. मला ती अट ऐकूनच मुलगी आवडली होती.

वहिनींनी फोन भिंतीला टेकवून ठेवला होता. मी शेजारी. प्रीतमनं सगळं सांगितलं. वहिनी फोनकडे वाकल्या.

"काहून रे? इकडे पोरी सरल्या का?"

"आई, तसं नाही ना..."

"तुह्या बाबानं जिंदगीभर मलाजखंडच्या तांब्याच्या खदानीत डंपर चालवला. ते का टोळीवाल्याच्या घरी तुले जावई पाठवाले?"

"टोळी कुठची आई! लॅबमध्ये हाय ते. बी.एस्सी. झाली. मेरे से ज्यादा पढी है."

"मले शिकवू नको. रोज वाचून राह्यली मी." आणि मग वहिनींनी, शांताबाई सातवी पास, एक अक्षर न चुकता म्हणून दाखवलं – "टोळीयुद्ध, रोगराई आणि हिंसाचाराचा दीर्घ इतिहास आहे! मी नाई म्हणत. तुह्या आत्याच्या पेपरात छापून हाय!"

प्रीतम माझ्याकडे बघायला लागला. पडद्यातून.

मी म्हटलं, वहिनी, ते मी लिहिलेलं नाही.

"मंग कोणाचं हाय? पेपर तुमचाच ना ज्योत्स्नाबाई?"

वहिनी वेड्या नाहीत. दुष्ट तर अजिबात नाहीत. वॉर्डात कोणाच्या घरी दुखलं-खुपलं तर आधी या पोहोचतात. मुलगी काळी आहे, परकी आहे, ख्रिश्चन आहे, यातलं एकही वाक्य त्या बोलल्या नाहीत. भीती वाटते त्यांना. पोरगा मरेल, पोरीचे लोक मारतील, नातवंडांना कसला तरी रोग होईल. ही भीती त्यांनी कुठून आणली? पन्नास पावलांवरच्या किराणा दुकानातून तर नाही. ती रोज दुपारी गोंदियावरून येते.

६ फेब्रुवारी

वहिनींनी फोन उचलला नाही. प्रीतमचाही नाही, माझाही नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

अश्विनला फोन केला. डेस्कचा प्रमुख. वयानं माझ्या निम्मा, कामाला चांगला, पण घाईचा.

"ताई, वाचकाला संदर्भ लागतो ना. काँगो म्हणजे काय, त्याला काय माहीत?"

"मग शेपूट वाचून कळतं?"

"थोडं तरी."

"काय कळतं ते सांग. हिंसाचार कोणी केला, हे त्या वाक्यात कुठे आहे?"

"ताई, इथे चार जण अख्खा अंक काढतो. ते ऑटो आहे. की दाबली की येतं."

"पूर्वेला गोमा शहरात लढाई चालू आहे, कबूल. कोल्वेझी तिथून हजार किलोमीटरवर. अमृतसरला काही झालं की बालाघाटच्या बातमीला तोफेचा फोटो लावशील?"

हसला. "नाही लावणार."

"बरं. बेल्जियमचं शेपूट वाचून दाखव."

"अं?"

"बेल्जियम. देश आहे. की दाब."

की दाबल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा.

"नाहीये ताई. बेल्जियमला नाहीये."

"फ्रान्स?"

"नाही."

"ब्रिटन, जर्मनी?"

"नाही. त्यांना कोणालाच नाहीये. म्हणजे... लागत नाही ना त्यांना. लोकांना माहीत असतं."

लोकांना माहीत असतं! काय माहीत असतं? चॉकलेट?

बेल्जियमच्या राजानं, लिओपोल्डनं, काँगो स्वतःच्या नावावर करून घेतला होता. देशाच्या नव्हे – स्वतःच्या. जमीन, झाडं, माणसं यांच्यासकट. रबर कमी भरलं तर गावं जाळली. सैनिकांना हिशेब द्यावा लागे की गोळी माणसावरच झाडली, शिकारीवर वाया घालवली नाही. पुरावा म्हणून कापलेला हात आणायचा. गोळी उडाली शिकारीवर, तर हात जिवंत माणसाचा! हा इतिहास कोणाचा? काँगोचा म्हणे! ज्याचा हात गेला त्याच्या नावावर. ज्यानं कापून मागितला, त्याच्या देशाला शेपूट नाही.

आणि तो दात! काँगोचा पहिला पंतप्रधान लुमुम्बा. स्वातंत्र्य मिळून सात महिने झाले नाहीत तोवर मारला. बेल्जियमचे अधिकारी हजर. प्रेत ॲसिडमध्ये विरघळवलं. त्यातल्या एकानं आठवण म्हणून दात ठेवून घेतला. तो दात बेल्जियमनं चार वर्षांपूर्वी परत केला, शवपेटीत घालून. साठ वर्षांनी एका दाताची अंत्ययात्रा! आमच्या अंकात ती बातमी कुठे आली होती? 'जरा हटके' सदरात. वर दोन तोंडांचं वासरू, खाली लुमुम्बाचा दात.

मला राग फार येत नाही. डेस्कवर सगळे म्हणायचे, बाई बर्फ आहे. आज मात्र फोन टेबलावर आपटला.

९ फेब्रुवारी, सोमवार

अश्विनचा फोन. म्हणाला, "ताई, एवढं आहे तर लेखच द्या. रविवारच्या पुरवणीत टाकतो. हजार शब्द."

दिवसभर बसले. मथळा दिला – 'काँगोचा इतिहास कोणी केला?' लिओपोल्ड, रबर, हात. मग बेल्जियमची राजवट. लुमुम्बा. मग बत्तीस वर्षं हुकूमशहा मोबुटू, त्याला पैसा आणि बंदुका कोणी पुरवल्या ते. हिरोशिमावर पडलेल्या बाँबमधलं युरेनियम तिथलंच, कोल्वेझीपासून फार लांब नाही. आणि आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये जे कोबाल्ट आहे तेही.

आरोप एकही नाही. नुसती क्रियापदांना कर्ता दिला.

हजाराला हजार भरले. वेळेच्या आधी पाठवला.

११ फेब्रुवारी

वहिनी बोलत नाहीत. पण वाटीभर वालाची उसळ पायरीवर ठेवून गेल्या. झाकण घट्ट लावलेलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

रस्त्यात गीता भेटली, विहारातली. "ज्योत्स्नाताई, प्रीतम हबशीण आणून राह्यला म्हणे?" मी म्हटलं, प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी आणून राह्यला. "हौ का? पण तिकडे माणसं खातात ना?" चेष्टेनं नाही. खरोखरीच्या काळजीनं!

माझं डोकं सणकलं. आपण! आपल्याबद्दल आणि आपल्या आज्या-पणज्यांबद्दल शेकडो वर्षं दुसऱ्यांनीच लिहिलं – कसे राहतात, काय खातात, कशाला शिवायचं नाही. ते सगळं खोटं होतं, हे विहाराच्या पायऱ्यांवर उभं राहून पोरांना शिकवणारी गीता. आणि दुसऱ्या कोणाबद्दल लिहिलेलं तेवढं खरं!

तिला एवढंच म्हटलं, रविवारी पेपर वाच.

१५ फेब्रुवारी, रविवार

वाचला सगळ्यांनी.

मथळा – 'रक्ताने माखलेला तांब्याचा देश!' उद्गारचिन्ह त्यांचं. फोटो तोच, ट्रकवरचा काळा चष्मावाला. या वेळी चार कॉलम. खाली माझं नाव, ठळक.

पुरवणीत अर्ध्या पानाची जाहिरात आयत्या वेळी आली. लेख हजारावरून पाचशेवर. काटछाट कोणी केली माहीत नाही. ज्यानं केली त्यानं चोख काम केलंय – 'पार्श्वभूमी' तेवढी उडवली. लिओपोल्ड गेला. बेल्जियम गेलं. मोबुटूचे पाठीराखे गेले.

हात राहिले.

लिओपोल्ड नाही, पण हात आहेत! "रबर कमी भरले तर हात कापले जात." कोण कापत? कोणाचे? कधी? वाचणाऱ्याला वाटेल, कालच. एकमेकांचेच.

दात राहिला. तोही कोणी ठेवला ते नाही. "पंतप्रधानाचे प्रेत ॲसिडमध्ये विरघळवून दात आठवण म्हणून ठेवण्यात आला." असे हे लोक, बघा!

तीन वाजता वहिनी आल्या. दहा दिवसांनी पहिल्यांदा समोरासमोर. हातात पुरवणी, घडी न घातलेली.

"हे तर तुम्हीच लिहलं ना? नाव हाय तुमचं."

"वहिनी, हे अर्धं कापलंय..."

"हौ. हातच कापतात म्हणे तिकडे! दात काढून ठेवतात! अन् तुम्ही मले म्हणत होत्या, लॅब हाय, बी.एस्सी. हाय." आवाज चढला नाही, हेच वाईट. डोळ्यांत पाणी. "माहा एकच पोरगा हाय बाई. तुमच्या दादाच्या मागं एकच. त्याले सांगा, सुटी घेऊन ये. एकटा ये."

गेल्या. पुरवणी इथेच टाकून.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अश्विन – "ताई, सॉरी. जाहिरात आली. हेडिंग पुरवणीवाल्यांनी दिलं, थोडं कॅची लागतं ना."

मी म्हटलं, मी लिहिलं त्याच्या बरोबर उलटं माझ्या नावानं छापलंय. नुसतं कमी नाही. उलटं.

"खुलासा टाकू ना ताई. पान सातवर."

आज पान पाठवलं नाही. आजारपणात पाठवलं, दादा गेला त्या दिवशी पाठवलं. आज नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

खुलासा आला. पान सात, पंचांगाच्या खाली – "रविवारच्या पुरवणीतील लेखात जागेअभावी काही मजकूर वगळण्यात आला आहे. वाचकांनी नोंद घ्यावी."

कोणता लेख? कोणता मजकूर? वाचकांनी कशाची नोंद घ्यावी?

मूळ लेख घेऊन वहिनींकडे गेले. त्या सुपात तांदूळ घेऊन निवडत होत्या. म्हटलं, वाचते, ऐकायचं तर ऐका. वाचला. हजारच्या हजार शब्द. सुपातला हात मधेच थांबायचा.

"राजाचं नाव काय म्हणलं?"

"लिओपोल्ड."

"कधी गेलता तो तिकडे?"

"गेलाच नाही कधी. एकदाही नाही. घरी बसून केलं सगळं."

"अन् कोणी धरलं नाई त्याले?"

"नाही. पुतळे आहेत त्याचे."

खडा काढून अंगणात फेकला. जरा जोरातच.

"मंग पेपरात त्याचं नाव काहून नाई?"

"जागा नव्हती म्हणे."

"हाताले जागा होती."

मला वाटलं, जिंकले! पण वहिनी सूप पाखडत म्हणाल्या, "राजा हरामखोर होता, समजलं मले. पण पोरगी तं तिकडचीच ना. जो मार खाते, तो बी कधी मारते. मी कशी बोलवू?"

बरोबर आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा राजा कोण होता ते कळून कोणी सून घरात घेत नाही. मी लेख लिहिणारी बाई, मला वाटतं लेखानं सगळं होतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या कमीजास्त होईल.

संध्याकाळी प्रीतमचा व्हिडिओ कॉल आला, वहिनींच्या फोनवर. वहिनींनी उचलला – त्यांना वाटलं, तिकिटाचं सांगतोय. तो कुठल्या तरी अंगणात होता. मागे ताडपत्रीचा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, बायका जमिनीवर चटया टाकून बसलेल्या. कोणीतरी गात होतं, हळू.

"कुठं हायेस? लगन हाय का कोणाचं?"

"नाही आई. मयत हाय."

मग सांगितलं त्यानं. त्या दिवशी कड कोसळली, त्या नवांपैकी एक एस्थेरचा चुलतभाऊ. प्रेतं परवा निघाली. पंधरा दिवस उकरत होते. एस्थेरनंच बजावलं होतं, तुझ्या आईला सांगू नको, आमच्या घरची पहिली ओळख मरणानं नको.

मी एजन्सीची कॉपी रोज बघते. प्रेतं निघाल्याची ओळ आली नाही. नवांपैकी एकाचंही नाव आलं नाही. नऊ म्हटलं की झालं!

वहिनी फोनच्या जवळ सरकल्या. "नाव काय होतं पोराचं?"

"काझादी."

"बायको हाय?"

"हाय. दोन लेकरं."

"कुठी हाय थे? दाखव."

प्रीतमनं फोन फिरवला. चटईवर एक बाई, डोक्याला फडकं गच्च बांधलेलं, पाय लांब केलेले. दोन्ही बाजूंनी दोघी तिला धरून. त्यातली एक एस्थेर. फोन आलेला दिसला तिला. उठली नाही, हसली नाही, फक्त मान हलवली. तिचा एक हात त्या बाईच्या पाठीवरून फिरत होता, तो थांबला नाही.

वहिनी बघत राहिल्या. मलाजखंडच्या क्वार्टरमध्ये बावीस वर्षं काढली त्यांनी. दादा पाळीवरून वेळेत आला नाही तर फाटकाकडे बघत कसं बसायचं, हे त्यांना माहीत आहे.

"चूल पेटली का तिच्या घरची?"

प्रीतमला कळलं नाही. "काय आई?"

"मयताच्या घरी चूल पेटत नाई ना रे! लेकरं काय खाऊन राह्यली? कोणी आणते का?"

"हौ. शेजारचे आणतात. सगळे मांडवातच झोपतात, दिवस होतपर्यंत. त्याले मतांगा म्हणतात इकडे. एस्थेर रोज भात शिजवून आणते सगळ्यांचा."

"किती जणाचा?"

"असतील साठ-सत्तर."

"एकटी?"

"मोठ्या गंजात शिजवते. मी लाकडं फोडून देतो."

वहिनींनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग – "पुण्यानुमोदन करतात का तिकडे?"

"आई, ख्रिश्चन हायेत ते."

"मंग काय झालं! करत असतीन काहीतरी. तिले सांग, विधवेले उपाशी झोपू देऊ नको. अन् आता तिले काही विचारू नको, लग्नाचं गिग्नाचं. दिवस होऊ दे. मंग मी बोलीन तिच्याशी."

"तू?"

"मी नाई तं कोण, तुही आत्या? ते लेख वाचून दाखवीन तिले!"

हे मला लागायला हवं होतं. पण हसूच आलं.

२० फेब्रुवारी

अश्विनला बेल्जियमचं शेपूट लिहून पाठवलं – "समृद्ध युरोपीय देश असलेल्या बेल्जियमला काँगोतील लूट, सक्तीची मजुरी व हत्याकांडांचा दीर्घ इतिहास आहे." म्हटलं, ब्रुसेल्सची पुढची बातमी आली की की दाब.

"भारी आहे ताई," म्हणाला. टाकलं नाही.

पण काँगोचं काढलं. स्वतः फोन करून सांगितलं. "आता की दाबली तर काहीच येत नाही, बघा." मी म्हटलं, बरं. आजचं पान पाठवते.

२२ फेब्रुवारी, रविवार

वहिनींनी बोलावलं!

काल तिकडचे दिवस झाल्याचं प्रीतमनं कळवलं. मी शेजारी बसून होते. आधी अर्धा तास नुसती तयारी. "हॅलो म्हणू का जयभीम म्हणू?" "काही पण म्हणा." "काही पण कसं? पहिली बार हाय." लुगडं बदललं. अंधारात चेहरा दिसत नाही म्हणून अंगणात जाऊन बसल्या. रेकॉर्ड करून पाठवायचं होतं, तीनदा पुसलं. शेवटचं असं –

"बाई एस्थेर, जयभीम. मी प्रीतमची आई. तुह्या घरी दुःख झालं, मले समजलं. मी दूर हाव, नाई तं भाकर घेऊन आली असती. आता एप्रिलमध्ये तू ये. मी बोलवून राह्यली तुले. माह्या घरी ये. भात तुलेही शिजवता येते, मलेही येते. पाहू कोणाचा चांगला होते ते."

प्रीतमनं तिला उलगडून सांगितलं. तिचं उत्तर रात्रीच्या आत आलं. आधी नुसतं रडणं. मग एक शब्द मराठीत, शिकवलेला – "येते."

वहिनींनी तो सात-आठ वेळा तरी ऐकला. मग गीताला बोलावून ऐकवला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

एस्थेरच्या आईनं नकार दिला आहे.

प्रीतमचा दुपारी फोन आला, आवाज पडलेला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, फ्रेंच वर्तमानपत्रं नेमानं वाचणाऱ्या. मुलगी जाणार ते गाव कसं आहे म्हणून त्यांनी काल बालाघाट शोधलं. दिवसभर मिळेल ते वाचलं. जंगलात चकमक, माओवादी ठार, पोलिसांवर हल्ला, सुरुंग. मधे एक बातमी वाघानं बाई ओढून नेल्याची. बाकी आमच्याबद्दल जगात काहीच लिहिलेलं नाही. त्यांनी एस्थेरला सांगितलं – माझी मुलगी मी अशा ठिकाणी पाठवणार नाही. मुलगा चांगला असेल. पण लोक तिथलेच ना.

वहिनींना सांगावंच लागलं. मला वाटलं, रडतील. त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"आपल्या बालाघाटले? कोण म्हणलं असं? मी इतकी वर्षं राह्यली, एक गोळी आयकली नाई! कोणत्या पेपरवाल्यानं लिहलं? त्यानं पाह्यलं का कधी हे गाव?"



उद्या पाच वाजता वहिनी स्वतः त्या बाईंना व्हिडिओ कॉल करणार आहेत. प्रीतम मधे बसून स्वाहिलीचं वऱ्हाडी करणार. मी फोन धरून चालायचं – आधी गल्ली, मग विहार, मग चौकातून वैनगंगेपर्यंत – आणि वहिनी पुढे चालत दाखवत जाणार. त्या बाई फोन उचलतील का, ते प्रीतमलाही सांगता येत नाही.

वहिनी म्हणतात, "काहून नाई उचलणार? माय हाय थे बी."